देहाची रेषा आणि समूहाची नजर

माणूस स्वतःच्या देहाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न वरवर पाहता ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न वाटतो. आरसा ज्याच्या त्याच्या घरात असतो आणि त्यातले रूप ज्याचे त्याने पाहायचे असते. परंतु ज्या समाजात कोणी कोणते वस्त्र नेसावे, ते कुठपर्यंत नेसावे, दागिना कोणत्या धातूचा घालावा, रस्त्यावरून केव्हा चालावे आणि सावली कोठे पडू द्यावी हे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरविले, त्या समाजात हा प्रश्न खाजगी राहत नाही. आपल्या चळवळीने पाणी, जमीन, शिक्षण, नोकरी, नामांतर यांची चर्चा पुष्कळ केली आणि ती आवश्यकच होती. दलित देहाचीही चर्चा होते, पण ती बहुधा अत्याचाराच्या संदर्भात. मार खाल्लेला, जाळलेला, विटंबना झालेला देह आपल्या निवेदनांत येतो. त्या देहात राहणारा माणूस आपल्या हातापायांकडे, रंगाकडे, चेहऱ्याकडे कसा पाहतो, हा विषय मात्र आपण आत्मकथनांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

या विषयाला हात घालण्याचे एक साधे साधन आहे. काही जणांनी एकत्र बसून स्वतःच्या देहाचे चित्र काढावयाचे आणि त्यावर एकत्र बोलावयाचे. शिबिरात, वसतिगृहात, शाळेत, बुद्धविहारात ते वापरता येते. मात्र ते कशासाठी वापरायचे हे स्पष्ट नसेल तर त्याची करमणूक होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुखावलेल्या माणसाची परीक्षा होते. म्हणून आधी त्यामागील विचार पाहू आणि मग पद्धतीकडे वळू.

देहप्रतिमा कोठून येते

आपल्या मनात आपल्या देहाचे जे चित्र असते त्याला देहप्रतिमा म्हणतात. ही संकल्पना मांडणाऱ्यांत पॉल शिल्डर या मूळ व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाचे नाव प्रमुख आहे. त्याचा या विषयावरील ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. हे चित्र केवळ डोळ्यांनी आणि स्पर्शाने घडत नाही. इतर माणसे आपल्या देहाशी कशी वागतात यातूनही ते घडते, असे त्याने दाखविले. साध्या भाषेत सांगायचे तर, ज्या मुलाला लोक हात धरून जवळ बसवितात त्याच्या मनातील त्याचा देह वेगळा, आणि ज्याच्या ओंजळीत लांबून पाणी ओततात त्याचा वेगळा. दोघांची शरीरे सारखीच सुदृढ असली तरी हा फरक राहतो.

आपल्याकडे तर देहावर खुणा करण्याची व्यवस्थाच होती. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, याचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केला आहे. सकाळी नऊपूर्वी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना शहराच्या वेशीच्या आत येण्यास बंदी होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. ही नोंद गो. स. घुर्ये यांच्या १९३२ च्या ग्रंथात आहे. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये सांगितले आहे की महार बाईला लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवून नेसावे लागे, काठ दिसणे हा वरच्या जातींच्या बायकांचा मान होता. पाऊल, थुंकी, सावली, काठ अशी देहाच्या आसपासची प्रत्येक गोष्ट नियमाखाली आणली गेली. असा नियम पिढ्यान् पिढ्या पाळावा लागला की तो बाहेरचा राहत नाही. माणूस आपोआप अंग चोरून बसू लागतो. बाकावर जागा असूनही कडेला टेकतो. फोटो काढताना मागच्या रांगेत जातो. नियम रद्द होतो, कायदा बदलतो, पण अंग चोरण्याची सवय शरीरात राहते.

महाडचा धडा

हे चित्र बदलता येते का? आपल्या इतिहासात याचे उत्तर आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. तुमची नेसण, गळ्यातील गळसऱ्या, कोपरापर्यंत भरलेले कथलाचे किंवा चांदीचे दागिने या तुमच्या अस्पृश्यपणाच्या ओळखखुणा झाल्या आहेत, त्या टाकून द्या, असा त्या भाषणाचा आशय होता. स्त्रियांनी तेथेच नेसण बदलली आणि लुगडे घोट्यापर्यंत आणले.

या घटनेला काही अभ्यासक वरच्या जातींचे अनुकरण म्हणतात. वस्तुतः तेथे अनुकरणापेक्षा खूण पुसण्याला महत्त्व होते. ज्या चिन्हामुळे दुरूनच जात ओळखून माणसाला बाजूला करता येते ते चिन्ह काढून टाकणे ही राजकीय कृती आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा बदल कोणा एका बाईने घरात आरशापुढे उभी राहून केला नाही. शेकडो बायकांनी एकमेकींच्या देखत केला. एकटीने लुगडे खाली ओढले असते तर गावाने तिला आगाऊ ठरविले असते. सर्वांनी मिळून केले तेव्हा त्याची नेसण झाली. देहप्रतिमा समाजाच्या नजरेने घडते, म्हणून ती मोडायलाही दुसरी नजर लागते, आणि ती नजर आपल्या समूहाची असावी लागते. समूहाने चित्र काढण्यामागील विचार एवढाच आहे.

रंगखडूने काय सांगितले

चित्र आणि स्वप्रतिमा यांचा संबंध जगापुढे ठळकपणे आणला तो अमेरिकेतील केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने. त्यांच्या बाहुल्यांच्या प्रयोगाविषयी अनेकांनी वाचले असेल. तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडला तर सारख्याच बाहुल्या ठेवल्या गेल्या. ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली आणि ५९ टक्के मुलांनी काळी बाहुली वाईट दिसते असे सांगितले. हे निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाले. परंतु क्लार्क दांपत्याने आणखी एक चाचणी घेतली होती, तिची चर्चा कमी होते. मुलांना पान, सफरचंद, संत्रे, उंदीर आणि मूल यांची रेखाचित्रे देऊन रंगखडूंची पेटी दिली. पान हिरवे, संत्रे नारिंगी रंगविता येते की नाही हे आधी पाहिले. मग सांगितले, हे मूल म्हणजे तू आहेस असे समज आणि रंगव. पानाला आणि फळाला अचूक रंग देणाऱ्या मुलांतील काहींनी स्वतःला आहे त्यापेक्षा फिकट रंगविले, काहींनी भलताच रंग घेतला. त्यांचे डोळे अधू नव्हते. रंगाचे ज्ञान होते, पण स्वतःच्या पाळीला हात अडखळत होता.

या प्रयोगांचा उपयोग शाळांतील वर्णविभाजनाविरुद्धच्या खटल्यांत झाला. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात विभाजन घटनाबाह्य ठरविले तेव्हा अशा मुलांच्या मनात निर्माण होणाऱ्या न्यूनतेच्या भावनेचा निकालात उल्लेख केला. मुलाच्या हातातील खडू न्यायालयापर्यंत पोचला, ही गोष्ट लहान नाही.

मात्र या प्रयोगांतून एक सावधगिरीही शिकली पाहिजे. आधी ‘वाईट बाहुली कोणती’ आणि मग ‘तुझ्यासारखी कोणती’ असे विचारल्यावर काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. तज्ज्ञ विचारतो आणि मूल एकटे उत्तर देते, अशी ती रचना होती. कायद्याच्या लढाईसाठी तिची गरज होती. आपल्या शिबिराला तशी गरज नाही. जखम सिद्ध करून दाखवायची आणि तेथेच थांबायचे, असे झाले तर माणूस जखमेसह एकटा घरी जातो.

दुसरी गोष्ट अशी की अमेरिकेतील वर्ण आणि आपल्याकडील जात एक नव्हेत. अस्पृश्य हा निराळा वंश आहे हा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये खोडून काढला आहे. जातीला ठराविक रंग नाही. तरीही पाहणाऱ्याची नजर रंगात, कपड्यात, बोलीत, आडनावात, डब्यातील भाजीत जात शोधत राहते. गोरेपणाचा बाजार त्याच नजरेवर चालतो. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली आपल्या बाजारात आले आणि २०२० साली त्याच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द गेला. लग्नाच्या जाहिरातींतील ‘गोरी’ मात्र गेली नाही. म्हणून आपल्या चित्रांत रंगाबरोबर या सर्व खुणांना जागा हवी.

खायेलित्शा आणि राजस्थान

दोन उदाहरणे आपल्या कामाला अधिक जवळची आहेत. पहिले दक्षिण आफ्रिकेतील. केप टाऊनजवळच्या खायेलित्शा या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत २००२ साली एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या स्त्रियांच्या बंबनानी गटाने जेन सॉलोमन या कलावतीच्या साहाय्याने स्वतःच्या देहाची पूर्णाकृती चित्रे काढली. तेव्हा तेथील सरकार सार्वजनिक रुग्णालयांतून या रोगावरील औषधे देत नव्हते; खायेलित्शात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था ती देत होती. एक बाई मोठ्या कागदावर निजते, दुसरी तिच्या देहाभोवती रेषा काढते. मग त्या आकृतीच्या मागे सहकारी स्त्रीची रेषा वेगळ्या रंगात काढतात, म्हणजे प्रत्येकीच्या पाठीशी कोणीतरी उभी दिसते. हाताचे आणि पावलांचे ठसे, अंगावरचे व्रण, आपले बळ शरीरात कोठे आहे त्या जागेची खूण, आलेला रस्ता आणि जायचा रस्ता अशा गोष्टी एकेक करून भरल्या जातात. या चित्रांचे आणि कहाण्यांचे ‘लाँग लाइफ’ हे पुस्तक २००३ साली निघाले. २००४ पासून सरकारी औषधयोजना सुरू झाली ती रोग्यांच्या संघटित लढ्यामुळे. चित्रांनी औषध मिळवून दिले असे म्हणणे चूक होईल. पण ज्यांना समाज मेलेल्यांत जमा करीत होता त्या स्त्रियांनी स्वतःला त्या लढ्यात उभ्या असलेल्या माणसांच्या रूपात रेखाटले.

दुसरे उदाहरण राजस्थानचे. तेथील महिला विकास कार्यक्रमात खेड्यांतील स्त्रियांनी आरोग्यशिबिरांतून ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक तयार केले. लेखिका म्हणून ७५ ग्रामीण स्त्रियांचे श्रेय असलेले हे पुस्तक १९८९ साली ‘काली फॉर विमेन’ने प्रकाशित केले. आधी काढलेल्या उघड्या स्त्रीदेहाच्या आकृतीला गावातील स्त्रियांनी आक्षेप घेतला. अशी बाई गावात कधी कोणाला दिसते का, असा त्यांचा प्रश्न होता. मग तोडगाही त्यांनीच काढला. चित्रातली बाई घागरा-ओढणीतली ठेवली आणि कागदाची झडप उचलली की आतले शरीर दिसावे अशी रचना केली. शरीराची माहिती त्यांना हवी होती, परंतु ते कसे दाखवायचे हा निर्णय त्यांचा होता. शहरातून शिबिर घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्ष पद्धत

आठ ते बारा जणांचा गट पुरे. स्त्रियांचा आणि मुलींचा गट वेगळा ठेवावा. एका बैठकीत सर्व उरकण्यापेक्षा दोन-दोन तासांच्या दोन बैठका घ्याव्यात. सामान घरचेच चालते. खाकी कागद नसेल तर जुनी वर्तमानपत्रे खळीने चिकटवून मोठा कागद करावा. कोळसा, गेरू, चुना, हळद, नीळ आणि शाळेतले खडू यांवर काम भागते. चित्रकला यावी लागत नाही, हे सुरुवातीलाच सांगावे. शिबिर चालविणाऱ्यानेही इतरांबरोबर स्वतःचे चित्र काढावे. तो हात बांधून फिरत राहिला तर त्याचा मास्तर होतो.

पहिले काम बाह्यरेषेचे. येथे एक बारीक गोष्ट आहे. दुसऱ्याच्या देहाभोवती रेषा काढायची म्हणजे त्याच्या इतके जवळ जावे लागते की स्पर्श टळत नाही. मिश्र जातींच्या गटात कोण कोणाजवळ जायला कचरतो हे तेथेच दिसते. त्याचा गाजावाजा करू नये, पण शेवटच्या चर्चेत तो मुद्दा घ्यावा. चार जणांदेखत जमिनीवर निजणे अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, अपमानाचे वाटते. त्यांनी भिंतीला लावलेल्या कागदाशी उभे राहावे. तेही नको असेल तर सकाळच्या उन्हात अंगणात उभे राहावे आणि जोडीदाराने जमिनीवर पडलेल्या सावलीभोवती चुन्याची रेषा काढावी. ज्या समाजाच्या सावलीला शहरात बंदी होती त्या समाजातील मुलामुलींनी आपल्या लांब सावल्या मोकळ्या जमिनीवर आखाव्यात, आणि मग घुर्यांची ती नोंद त्यांना वाचून दाखवावी. इतिहासाचा तो तास कोणी विसरणार नाही.

दुसरे काम श्रमाचे. या हातांनी काल सकाळपासून काय काय केले, या खांद्याने काय वाहिले, हे पाय किती चालले, हे आकृतीच्या आत चित्राने किंवा खुणेने भरावे. खोटी स्तुती न करता देहाची किंमत कळण्याचा हा सरळ मार्ग आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि दुसऱ्याने त्याच्याच शब्दांत लिहावे.

तिसरे काम शब्दांचे. लोकांनी आपल्या देहाला दिलेले शब्द, म्हणजे टोपणनावे, शिव्या, टोमणे, लग्नाच्या बोलणीतले शेरे, हे सर्व रेषेच्या बाहेर लिहावे. प्रत्येक शब्दाजवळ तो कोठे ऐकला ते लिहावे: वर्ग, पाणवठा, कचेरी, नातलगाचे घर. आपल्याच घरातून आणि आपल्याच जातीतून आलेले शब्दही लिहावेत. बाईच्या अंगाविषयी आपले पुरुष काय बोलतात हे या वेळी पुढे येते. ते दडपू नये. मग प्रत्येकाने ठरवावे की यांतला कोणता शब्द रेषेच्या आत शिरला आहे. ज्याला सांगायचे नाही त्याने सांगू नये.

चौथे आणि मुख्य काम एकत्र वाचण्याचे. सर्व चित्रे भिंतीवर लावावीत आणि कोणाचे चित्र कसे आहे हे न बोलता, सर्वांत मिळून काय दिसते ते पाहावे. एकच शब्द सहा आकृत्यांभोवती असेल तर तो सहा जणांचा वैयक्तिक दोष असू शकत नाही. एकच शाळा, एकच विहीर पुन्हा पुन्हा येत असेल तर ती जागा कळली. मनातील न्यूनगंड म्हणून जो प्रत्येकाने एकट्याने वागविला होता त्याचा पत्ता येथे सापडतो.

शिक्षकांसाठी आणखी एक सोपा उपक्रम. रंगपेटीतील फिक्या गुलाबी खडूला मुले सहज ‘स्किन कलर’ म्हणतात. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने अशा खडूचे ‘फ्लेश’ हे नाव १९६२ साली बदलून ‘पीच’ केले. वर्गात माती, गेरू, हळद, चहाचे पाणी आणि कोळसा ठेवावा आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताजवळ धरून आपला रंग मिसळून तयार करावा. सर्वांनी करावा, गोऱ्या मुलांनीही. कोणाच्या रंगात कोणती माती किती लागली हे मुले हौसेने सांगतात. या वेळी जात कोणाला विचारू नये. दलित मुलाला वर्गापुढे उभे करून त्याचा अनुभव सांगायला लावणे हा उपक्रम नव्हे, तो दुसरा अपमान आहे.

काही पथ्ये

चित्राचा अर्थ लावू नये. काळा रंग वापरला म्हणजे दुःख, हात लहान काढले म्हणजे भीती, असली ज्योतिषे टाळावीत. अर्थ काढणाऱ्याने सांगावा, नाहीतर तो तसाच राहू द्यावा. रंग कागदावरच लावावा, दुसऱ्याच्या अंगाला किंवा तोंडाला कधीही लावू नये. आपल्या माणसांच्या तोंडाला काळे फासून धिंड काढण्याचे प्रकार घडलेले आहेत आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात त्याचा गुन्हा म्हणून उल्लेख आहे. गंमतीतही ती आठवण जागवू नये. चित्र ज्याचे त्याच्या मालकीचे. त्याच्या संमतीशिवाय प्रदर्शन, छायाचित्र, अहवाल काही नको, आणि बक्षीस तर नकोच. ज्याच्यावर अत्याचार झाला आहे त्याला तो प्रसंग चित्रात आणण्याचा आग्रह करू नये. कोणी कोलमडले तर बैठक थांबवावी, त्या व्यक्तीजवळ विश्वासाचे माणूस बसवावे आणि पुढील उपचाराची सोय आधीच माहीत करून घ्यावी.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. भाकरीचा आणि न्यायाचा प्रश्न समोर असताना हे चित्रांचे लाड कशाला? आक्षेप अगदीच गैर नाही. स्वतःवर प्रेम करा, आत्मविश्वास वाढवा, एवढाच उपदेश करणाऱ्या शिबिरांचे हल्ली पेव फुटले आहे आणि ती व्यवस्थेला सोयीची आहेत. अपमान करणारा तसाच राहतो, अपमानिताला मात्र मन घट्ट करायला शिकविले जाते. असे असेल तर चित्रे न काढलेली बरी. पण अंग चोरून बसणारा माणूस ग्रामसभेत उठून उभा राहत नाही, तक्रारीवर सही करताना त्याचा हात थरथरतो, हेही कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी मडके आणि झाडू बांधलेला तो देह आपल्या चित्रांत पुन्हा पुन्हा उभा केला आणि पाहणाऱ्याला त्याकडे पाहायला लावले. तसे सामर्थ्य प्रत्येकाच्या हातात नसते. परंतु दहा सामान्य माणसे मिळून आपल्याभोवतीच्या रेषा तपासू शकतात.

म्हणून दुसऱ्या बैठकीच्या अखेरीस एक कोरा कागद घ्यावा. भिंतीवरच्या चित्रांतून जो शब्द आणि जी जागा सर्वांत अधिक वेळा आली ती त्यावर लिहावी. शाळेत ठराविक मुलांनाच वर्ग झाडायला लावतात असे निघाले असेल, तर मुख्याध्यापकांकडे कोण जाणार, कोणत्या दिवशी जाणार, सोबत कोण राहणार आणि ऐकले नाही तर पुढचा अर्ज कोणाकडे करणार, हे त्याखाली नावानिशी लिहावे. पुढची बैठक या कागदाच्या वाचनाने सुरू करावी.